वाचकांचे प्रश्न : हाडांच्या ठिसूळपणाचा अभ्यास आणि भरवशाची संदर्भ जनुके

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरत असल्याने ती या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रे लांब होती. येथे त्यांतील प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी सोलापुरात जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे. रजोनिवृत्तीनंतर ऑस्टिओपोरोसिस (हाडांचा ठिसूळपणा) झालेल्या स्त्रिया आणि त्याच वयोगटातील, हाडांची घनता चांगली असलेल्या स्त्रिया यांच्या रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींत काही जनुकांची अभिव्यक्ती रिअल टाइम पीसीआरने मोजायची आहे. पुढे खुब्याच्या शस्त्रक्रियेत निघणारे हाडाचे तुकडेही मिळण्याची शक्यता आहे. आमच्या प्रयोगशाळेत संदर्भासाठी जीएपीडीएच हे एकच जनुक वापरण्याचा प्रघात आहे. संशोधन आराखड्याच्या सादरीकरणात एका परीक्षकांनी विचारले, ‘हे तुमच्या रुग्णांत स्थिर राहते, हे कशावरून?’ रुग्णगटात बऱ्याच जणी विडी कामगार आहेत. त्याचा यात काही संबंध येतो का? आणि हाती पैसा बेताचा असताना किती जनुके तपासावीत?
— एक संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : परीक्षकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तुम्हाला तुमच्याच नमुन्यांवरून द्यावे लागेल. ‘सगळे हेच जनुक वापरतात’ हा दाखला तेथे पुरणार नाही.

इतर वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. जनुक किती चालते, म्हणजे त्याची अभिव्यक्ती किती, हे त्याच्या संदेशवाहक आरएनएवरून कळते. त्या आरएनएची डीएनए प्रत, म्हणजे सीडीएनए, बनवून रिअल टाइम पीसीआरमध्ये ती प्रत्येक आवर्तनात साधारण दुप्पट करत मोजतात. प्रत्येक नमुन्यातून मिळणारा आरएनए कमी-अधिक असतो, त्याचा दर्जा वेगळा असतो आणि त्यापासून सीडीएनए बनवण्याची क्रियाही प्रत्येक नळीत सारख्याच ताकदीने होते असे नाही. म्हणून ज्या जनुकाचा अभ्यास करायचा त्याचे मोजमाप, सर्व नमुन्यांत सारखे राहील असे मानलेल्या दुसऱ्या एखाद्या जनुकाच्या तुलनेत मांडतात. हेच संदर्भ जनुक. मार्केट यार्डात तराजूच्या पारड्यातले वजनच झिजलेले असेल तर कांद्याची प्रत्येक गोणी चुकीची भरते आणि काटा मात्र मध्यावरच दिसतो, तसा हा प्रकार आहे.

चूक किती मोठी होऊ शकते, हे कल्पित आकड्यांवरून पाहू. हाड घडवणाऱ्या पेशींचे प्रमुख नियामक जनुक आरयूएनएक्स२ निरोगी गटात २६व्या आवर्तनाला आणि रुग्णगटात २७व्या आवर्तनाला दिसू लागले, असे समजा. या आवर्तनाच्या आकड्याला सीटी म्हणतात. एक आवर्तन उशीर म्हणजे मूळ प्रमाण सुमारे निम्मे. आता पहिले संदर्भ जनुक दोन्ही गटांत १८ वर असेल, तर आरयूएनएक्स२ निम्म्यावर आले असा निष्कर्ष निघतो. दुसरे संदर्भ जनुक निरोगी गटात २० आणि रुग्णगटात २१ वर असेल, तर काहीच फरक नाही असे दिसते. तिसरे २२ वरून २३.५ वर सरकत असेल, तर तेच आरयूएनएक्स२ रुग्णांत १.४ पट वाढलेले दिसते. नमुने तेच, यंत्र तेच, आणि निष्कर्ष तीन. २००१ साली प्रसिद्ध झालेली, आज सर्वत्र वापरली जाणारी डेल्टा-डेल्टा-सीटी पद्धत संदर्भ जनुक हलत नाही हे गृहीत धरूनच चालते. ते हलते का, हे तपासून देणे तिचे काम नाही.

जीएपीडीएच का हलेल, तर ते स्वतः साखर जाळण्याच्या मार्गातील एक विकर बनवते. पेशीला प्राणवायू कमी पडला की हिफ-१ नावाचा नियामक जागा होतो आणि या मार्गातील जनुकांची अभिव्यक्ती वाढवतो. जीएपीडीएच त्यांत येते. मोडलेल्या हाडाजवळ रक्त साकळलेले असते आणि रक्तपुरवठा तुटलेला असतो. खुब्याच्या हाडाचे तुकडे तुम्हाला बहुधा अशा मोडलेल्या हाडांतूनच मिळतील. निरोगी म्हणून घेतलेले तुकडे मात्र बऱ्याचदा संधिवाताने झिजलेला सांधा बदलताना निघालेले असतात, आणि त्यांतही सांध्याच्या कूर्चेखालचे हाड दाट झालेले, म्हणजे आजारीच, असते. शिवाय फ्रॅक्चर झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत किती वेळ गेला, ही गोष्ट एका गटाला लागू आहे आणि दुसऱ्याला नाही. अशा तुलनेत जीएपीडीएचवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. त्याची आणखी एक अडचण अशी की, त्याची छद्मजनुके, म्हणजे निकामी झालेल्या प्रती, डीएनएत डझनावारी पसरलेली आहेत. त्यामुळे आरएनएमध्ये डीएनएचा अंश राहिला तर तोही मोजला जातो. डीएनए तोडणारे डीएनेज वापरणे आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (सीडीएनए बनवणारे विकर) न घातलेली नियंत्रण नळी ठेवणे यांना म्हणून पर्याय नाही.

एसीटीबी, म्हणजे बीटा-ॲक्टिनचे जनुक, त्याच तोडीचे लोकप्रिय आहे आणि हाडांच्या अभ्यासात त्याच्याविषयी शंका घ्यायला तितकीच जागा आहे. हाड पोखरणारी ऑस्टिओक्लास्ट पेशी हाडाला चिकटते ती ॲक्टिनचे कडे बनवून. मोनोसाइटपासून ऑस्टिओक्लास्ट घडताना पेशीचा सांगाडाच नव्याने मांडला जातो. ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट यांसारखी ऑस्टिओपोरोसिसवरची औषधे घेणाऱ्या स्त्रियांचा विचार आणखी वेगळा करावा लागेल, कारण ही औषधे ऑस्टिओक्लास्टमधील ज्या लहान प्रथिनांचे काम थांबवतात त्यांच्याकडेच पेशीच्या सांगाड्याची सूत्रे असतात. शक्य असल्यास औषध सुरू न झालेल्या रुग्णांचेच नमुने घ्यावेत. नाहीतर औषधाची नोंद ठेवून विश्लेषणात ती धरावी.

रक्ताच्या नमुन्यांत आणखी तीन नावे जपून वापरावीत. बी२एम हे जनुक इंटरफेरॉनने वाढते, त्यामुळे साध्या विषाणू तापाचाही त्यावर परिणाम होतो. टीएफआरसी लोहाच्या कमतरतेला प्रतिसाद देते: लोह कमी असेल तर त्याचा संदेशवाहक आरएनए जास्त काळ टिकतो. आपल्याकडील स्त्रियांत रक्तक्षय सर्रास आढळतो, आणि तुमच्या दोन गटांत त्याचे प्रमाण वेगळे असेल तर हे जनुक तुम्हाला हाडांऐवजी लोहाची कथा सांगेल. एचएमबीएस हे हीम बनवण्याच्या साखळीतले आहे आणि तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींत ते जोरात चालते. म्हणून मज्जा नीट न धुतलेल्या हाडाच्या तुकड्यात ते फसवे ठरू शकते. १८एस या रायबोसोमल आरएनएचे प्रमाण इतके प्रचंड असते की, विरळ अभिव्यक्तीच्या जनुकाशी त्याची तुलना करणे गैरसोयीचे होते. शिवाय त्याला संदेशवाहक आरएनएसारखी पॉली-ए शेपूट नसल्याने, त्या शेपटीला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटी प्रायमरने (प्रायमर म्हणजे प्रत जिथून सुरू होते तो डीएनएचा लहान तुकडा) बनवलेल्या सीडीएनएत ते विश्वासाने मोजता येत नाही.

विडी कामगारांचा संबंध निश्चित येतो, पण तो तंबाखूपुरता नाही. घरात बसून दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला ऊन कमी मिळते, तिच्या हाताला व श्वासाला तंबाखूची धूळ लागते, तिचा आहार आणि तिने केलेले बैठे काम हे दुसऱ्या गटातील, समजा, शिक्षिका किंवा परिचारिका असलेल्या बाईपेक्षा वेगळे असते. रुग्णगट विडी कामगारांची वस्ती असलेल्या शहराच्या पूर्व भागातून आणि निरोगी गट जुळे सोलापुरातून, अशी विभागणी नकळत झाली, तर संदर्भ जनुकात दिसणारा फरक आजाराचा की राहणीचा, हे कोणत्याही संगणकीय आज्ञावलीला सांगता येणार नाही. दोन्ही गटांत विडी कामगार आणि इतर स्त्रिया यांचे प्रमाण जुळवून घ्या. वय, रजोनिवृत्तीला झालेली वर्षे, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि स्टेरॉइडचा इतिहास यांची नोंद प्रत्येकीसाठी ठेवा. निरोगी गटाचीही डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी, तपासणी झालेली असावी. जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्टिओपोरोसिससाठी ठरवलेली मर्यादा टी-स्कोअर (तरुण निरोगी व्यक्तींच्या सरासरीशी केलेली घनतेची तुलना) उणे २.५ किंवा त्याहून कमी अशी आहे, आणि ‘मला काही त्रास नाही’ एवढ्या उत्तरावर कोणाचे हाड निरोगी ठरत नाही.

आता खर्चाचे. सगळ्या नमुन्यांवर सगळी जनुके चालवण्याची गरज नाही. प्रत्येक गटातील १० असे २० नमुने निवडा आणि त्यांवर ८ उमेदवार जनुके तपासा. ९६ खणांच्या एका प्लेटमध्ये २० नमुने दुहेरी घेतले की ४० खण जातात. नमुनाविरहित नियंत्रणाचे २ धरून एका जनुकाला ४२ लागतात. एका प्लेटवर दोन जनुके बसतात आणि १२ खण उरतात, म्हणजे ८ जनुकांसाठी ४ प्लेटी. एका जनुकाचे सर्व नमुने एकाच प्लेटवर ठेवणे महत्त्वाचे आहे. अर्धे आज आणि अर्धे उद्या केले तर दोन दिवसांतला फरकही जनुकाच्या माथी बसतो. त्याआधी प्रत्येक प्रायमर जोडीची कार्यक्षमता दहापट विरलनांच्या आलेखावरून काढावी लागेल. उतार उणे ३.३२ आला तर ती १०० टक्के असते. ९० ते ११० टक्क्यांपर्यंत चालते. सीडीएनए बनवताना प्रत्येक नळीत आरएनएचे वजन सारखेच घ्या, नाहीतर कच्च्या सीटी आकड्यांकडे पाहून काहीच समजणार नाही.

उमेदवार निवडताना त्यांची कामे वेगवेगळी असतील असे पाहा. पीपीआयए, वायडब्ल्यूएचएझेड, टीबीपी, एचपीआरटी१, जीयूएसबी, आरपीएलपी० ही नावे विचारात घेण्याजोगी आहेत. त्यांच्याबरोबर जीएपीडीएच आणि एसीटीबी हेही ठेवा, म्हणजे प्रयोगशाळेतील प्रघाताचा निकाल तुमच्याच आकड्यांवर लागेल. आरपीएलपी० आणि आरपीएल१३ए ही दोन्ही रायबोसोमच्या प्रथिनांची जनुके आहेत आणि ती एकमेकांबरोबर वर-खाली होतात. २००२ साली आलेली जीनॉर्म ही पद्धत जोड्यांमधील गुणोत्तर किती स्थिर आहे ते पाहते. त्यामुळे एकत्र हलणारी जोडी तिला सर्वांत स्थिर वाटते, जरी ती जोडी आजाराबरोबरच हलत असली तरी. या यादीत म्हणूनच आरपीएल१३ए घेतलेले नाही. २००४ ची नॉर्मफाइंडर पद्धत गटांतर्गत आणि गटांमधील फरक वेगवेगळे मोजते, आणि रुग्ण विरुद्ध निरोगी अशा तुमच्या अभ्यासात माझा कल तिच्याकडे जास्त आहे. मात्र तिला प्रत्येक गटात किमान ८ नमुने तरी द्यावेत. बेस्टकीपर सीटीचे विचलन पाहते आणि ते एकापेक्षा जास्त असेल तर जनुक बाद समजते. रेफफाइंडर हे संकेतस्थळ या तिन्हींचा आणि आणखी एका पद्धतीचा एकत्रित क्रम लावून देते. ते सोयीचे आहे, पण त्यात भरलेले सीटी सरळ वापरले जातात आणि कार्यक्षमता १०० टक्के धरली जाते, हे विसरू नये. एकत्रित क्रमांकाच्या तक्त्यावर समाधान मानून मूळ आलेख न पाहणारे प्रबंध हल्ली फार दिसतात.

किती जनुके शेवटी वापरावीत, याचे उत्तर जीनॉर्ममधील जोडी-विचलनातून मिळते. दोन जनुकांच्या सरासरीत तिसरे मिळवल्यावर होणारा बदल ०.१५ पेक्षा कमी असेल तर दोन पुरतात. जास्त असेल तर तिसरे घ्यावे. सरासरी भूमितीय घ्यायची, पण ती सापेक्ष प्रमाणांची. सीटी हा मुळात लॉगरिदमातला आकडा असल्याने सीटीची भूमितीय सरासरी काढणे चूक आहे. कार्यक्षमता सारखी असेल तर सीटीची साधी सरासरीच ते काम करते. निवडलेली जनुके दोन गटांत वेगळी नाहीत, हे दाखवताना ‘पी मूल्य ०.०५ पेक्षा जास्त’ एवढे लिहून थांबू नका. दहा-दहा नमुन्यांत खरा फरकही त्या चाळणीतून निसटतो. सरासरी फरक आणि त्याची विश्वासार्हता-मर्यादा द्या: ती मर्यादा अर्ध्या आवर्तनाच्या आत असेल तर परीक्षकांना पुढे विचारायला फारसे उरणार नाही.

मोनोसाइटसाठी ठरवलेली जनुके हाडाच्या तुकड्यांना तशीच लावता येणार नाहीत. तेथे ही कसोटी नव्याने घ्यावी लागेल.

प्रश्न : मी एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. सांगोला, मंगळवेढा, करमाळा या भागांतून रक्ताचे नमुने सोलापुरात येतात आणि एप्रिल-मे महिन्यांत वाटेत ऊन चाळिशीच्या वर असते. आरएनए थोडा खराब झाला तरी संदर्भ जनुक लावल्यावर ती त्रुटी भरून निघते, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. ते खरे आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : थोड्या मर्यादेपर्यंतच. सगळेच आरएनए सारख्या वेगाने तुटत नाहीत. संदर्भ जनुकाचा आरएनए चिवट आणि अभ्यासाच्या जनुकाचा नाजूक असेल, तर खराब नमुन्यांत अभ्यासाचे जनुक खोटेच कमी दिसते. ऑलिगो-डीटी वापरले असेल आणि प्रायमर शेपटीपासून दूरच्या टोकाकडे असतील, तर हा परिणाम वाढतो. प्रवर्धित, म्हणजे पीसीआरमध्ये वाढवला जाणारा, तुकडा सर्वच जनुकांसाठी साधारण ७० ते १५० बेसांचा ठेवणे हा त्यावरचा अर्धा इलाज आहे.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. नळीतले रक्त काही तास जिवंतच असते. उकाड्यात, हेलकाव्यात त्या पेशी ताणाला प्रतिसाद देतात आणि दाहाशी निगडित जनुके सुरू करतात, त्यामुळे आरएनए अखंड असूनही शरीरातील स्थिती त्यात उरत नाही. रुग्णांचे नमुने तालुक्यातून तीन तासांनी आणि निरोगी नमुने शहरातून वीस मिनिटांत पोहोचत असतील, तर गटांतला सगळा फरक एसटीच्या प्रवासाचाही असू शकतो.

आरएनए स्थिर करणाऱ्या पॅक्सजीनसारख्या नळ्यांत नमुना १८ ते २५ अंशांना तीन दिवस टिकतो, असे त्यांच्या वापराच्या सूचनांत असते. मे महिन्यातील सोलापूर म्हणजे ही ‘खोलीची उष्णता’ नव्हे. तेव्हा शीतपेटी लागतेच, आणि २ ते ८ अंशांना ती मुदत पाच दिवसांची होते. मात्र त्या नळीत पेशी फुटतात, म्हणून त्यातून मोनोसाइट वेगळ्या काढता येत नाहीत. वरच्या पत्रातील विद्यार्थिनीसारखा अभ्यास असेल तर ताजे रक्त ईडीटीएच्या नळीत घेऊन काही तासांत पेशी वेगळ्या कराव्या लागतील, आणि तेवढ्यासाठी रुग्णालाच शहरात बोलावणे परवडते. हेपॅरिनची नळी टाळावी, कारण हेपॅरिन पीसीआरला अटकाव करते. प्रत्येक नमुन्याचा आरआयएन (आरएनए किती अखंड आहे ते दाखवणारा) आकडा आणि रक्त काढल्यापासून गेलेला वेळ नोंदवून ठेवा. दोन्ही गटांत ते सारखे आहेत का, हे पाहूनच पुढे जा.

सीरममधील मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांचे काम नियंत्रित करणारे अतिलहान आरएनए (त्यांची नावे ‘मिर’ने सुरू होतात), मोजणार असाल तर आणखी एक इशारा द्यावा लागेल. मिर-१६ अनेक जण संदर्भ म्हणून वापरतात, पण तांबड्या पेशींत ते भरपूर असते, त्यामुळे सुई नीट न लागल्याने किंवा नळी हलवल्याने रक्त थोडे फुटले तरी ते वाढते. यू६ हे पेशीच्या केंद्रकातले लहान आरएनए आहे, सीरममध्ये त्याचा भरवसा धरू नये. मिर-२३ए आणि मिर-४५१ यांच्या सीटीमधील अंतर सातपेक्षा जास्त आले तर नमुना फुटलेल्या रक्ताचा समजून बाजूला ठेवावा. बाहेरून घातलेले कृमीचे मिर-३९ आरएनए काढण्याच्या क्रियेतली घट दाखवते. दोन व्यक्तींमधला जैविक फरक त्याने भरून निघत नाही.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. या विषयावरचे शोधनिबंध वाचले तर प्रत्येकात ‘सर्वोत्तम’ जनुक वेगळेच निघते. मग विश्वास कोणावर ठेवायचा?
— एक शिक्षक, पंढरपूर

उत्तर : ते बहुधा सगळेच आपापल्या ठिकाणी बरोबर असतात, सर. कारण त्यांनी पाहिलेल्या पेशी वेगळ्या असतात. मूलपेशींपासून हाडाच्या पेशी घडवताना तीन आठवडे डेक्सामेथासोन, ॲस्कॉर्बिक आम्ल आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घातलेले द्रावण वापरतात, आणि डेक्सामेथासोन हे स्वतःच स्टेरॉइड असल्याने बरीच जनुके हलवते. अंडाशय काढलेल्या उंदरिणीच्या मांडीच्या हाडात मज्जेतील चरबी वाढते. तेथे जनुक न बदलताही पेशींचे मिश्रण बदलल्याने आकडा बदलतो. शिवाय क्रम लागतो तो तपासलेल्या यादीतच. आठ जनुके घेतली तर त्या आठांतील बरे कोणते, एवढेच कळते.

निबंध वाचताना मी रिअल टाइम पीसीआरच्या प्रयोगांत काय नोंदवावे हे सांगणाऱ्या २००९ सालच्या मिक्वे मार्गदर्शक तत्त्वांतल्या काही गोष्टी शोधतो: प्रायमरची कार्यक्षमता दिली आहे का, आरएनएचा दर्जा दिला आहे का, संदर्भ जनुके किती आणि ती का निवडली हे सांगितले आहे का. यांपैकी काहीच नसेल आणि निष्कर्ष दीडपट फरकाचा असेल, तर तो मी बाजूला ठेवतो. दहापट फरक असेल तर संदर्भ जनुक थोडे हलले तरी दिशा सहसा बदलत नाही.

तुमच्या विद्यार्थ्यांना हे प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर प्रयोगशाळेवाचूनही दाखवता येईल. अमेरिकेच्या एनसीबीआय संस्थेच्या जीईओ या खुल्या संग्रहात हाडाच्या आणि मोनोसाइटच्या नमुन्यांची जनुक-अभिव्यक्तीची माहिती फुकट उतरवून घेता येते. साध्या स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक जनुकाची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा, रुग्ण व निरोगी गटांतील फरक त्याशेजारी मांडा, आणि मध्यम अभिव्यक्तीची व कमीत कमी हलणारी जनुके वेचा. जीएपीडीएच आणि एसीटीबी त्या यादीत कितव्या क्रमांकावर येतात, ते मुलांनाच शोधू द्या. अशी वेचलेली जनुके पुढे कोणी पीसीआरसाठी घेणार असेल, तर त्यांची वर सांगितलेली कसोटी अर्थातच पुन्हा घ्यावी लागेल.